ब्युइकची पुढची सीट

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
३ फेब्रुवारी २०२४

शैलावहिनी,

हे पत्र मुद्दाम हाताने लिहितोय. व्हॉट्सॲपवर तुम्हाला काही लिहायला घेतलं की अंगठा आपोआप त्या हात जोडलेल्या चित्राकडे जातो आणि मी फोन बाजूला ठेवतो. नोव्हेंबरात श्रीराम गेला तेव्हा आलो होतो, पण तेव्हाही तुमच्या स्वयंपाकघरात उभा राहून "काही लागलं तर सांगा" यापलीकडे तोंडातून शब्द फुटला नाही. तो असता तर म्हणाला असता, संज्या, तू काय कस्टमर केअर आहेस का?

पत्राचं कारण असं, की परवा निधीशी फोनवर बोलत होतो. बोलता बोलता ती म्हणाली, बाबांची ब्युइक आई देऊन टाकतेय, जंकयार्डचा माणूस सोळा मार्चला येऊन भंगारात नेणार आहे. तेव्हापासून मला चैन नाही. वहिनी, ती गाडी मला द्या. रेणू म्हणते, घरात एक जुनं मॉडेल आहे तेवढं पुरे. पण बायकोची परवानगी मी मिळवीन. तुमची तेवढी हवी.

तुम्ही इथे यायच्या आधीचं सांगतो. शहाण्णव साली कंपनीने श्रीरामला आणि मला पिस्कॅटवेच्या त्या अपार्टमेंटमध्ये आणून टाकलं. खाली पार्किंगमध्ये संध्याकाळी अमेरिका उभी असायची. फोर्ड टॉरस, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. शेव्ही कॅव्हलियर तर दर चौथी. सॅटर्न, जिच्या दाराला पोचा पडत नाही म्हणून सेल्समन म्हणे बुक्की मारून दाखवायचा. पाँटिॲक ग्रँड ॲम घेऊन एक पोरगा यायचा, त्याच्या गाण्यांनी आमच्या खिडक्या हलायच्या. आम्ही दोघं गॅलरीत चहा घेऊन उभे राहायचो आणि कुठली कोणाची ते ओळखायचो. लायसन्स दोघांकडेही नव्हतं.

आपली सगळी मंडळी सांगायची, डोळे मिटून जपानी घ्या, रिसेलला बरी. मीसुद्धा निमूटपणे कोरोला घेतली. श्रीराम म्हणाला, एवढ्या लांब येऊन जपानीच घ्यायची तर टोकियोला नसतो का गेलो? आणि पंचाण्णवची ती मरून रंगाची ब्युइक लसेबर घेऊन आला. केवढी मोठी! गिअर स्टिअरिंगला, पुढे सोफ्यासारखी सलग सीट. वळायला लागली की होडी वळल्यासारखी वाटायची. सगळ्यांनी नावं ठेवली, आणि लांब जायचं म्हटलं की सगळे त्याच गाडीत बसायला टपलेले.

आता इथे रस्त्यावर त्यातलं काही म्हणता काही दिसत नाही. पाँटिॲक बंद, सॅटर्न बंद, ओल्ड्समोबिल बंद. ऑफिसच्या पार्किंगमध्ये सगळ्या गाड्या पांढऱ्या आणि एकसारख्या, स्वतःची शोधायला बटण दाबावं लागतं. श्रीरामशेजारी त्या सीटवर बसून मी अर्धी अमेरिका पाहिली. त्याची आठवण फार येते, वहिनी. ती सीट जंकयार्डात जाऊ देऊ नका.

तुमचा
संजीव

———

पिस्कॅटवे
२० फेब्रुवारी २०२४

संजीवभाऊजी,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय. तरी दोनदा वाचलं.

गाडी तुम्हाला मिळणार नाही. जंकयार्डच्या माणसाला देईन, रस्त्यावरून जाणाऱ्याला देईन, पण तुम्हाला नाही. तुम्ही आता दचकला असाल. वहिनी असं कधी बोलत नाहीत. वहिनी कधी बोलल्याच नाहीत, म्हणून तुम्हाला माहीत नाही.

मी सत्त्याण्णवच्या जानेवारीत आले. मे महिन्यात आपण चौघं नायगाराला गेलो, आठवतं? आदल्या दिवशी मी कितीतरी वेळ साडी की पंजाबी ड्रेस यात घालवला होता. लग्न ठरल्यापासून श्रीरामबरोबर लांब कुठे निघण्याची ती पहिली वेळ. सांगलीत आमच्याकडे स्कूटर होती. आई बाबांच्या मागे बसायची, पण खांद्यावर हात ठेवून बसायची. मला वाटलं, इथे तर गाडी आहे, मी शेजारी बसेन. खाली आले, तर तुम्ही पुढे बसून बेल्ट लावून मोकळे. श्रीरामने माझ्यासाठी मागचं दार उघडून धरलं, अगदी अदबीने.

आपल्या लोकांचा हा नियम कोणी केला कोण जाणे. अमेरिकेत येऊन सगळं बदललं. बायका जीन्स घालायला लागल्या, पुरुष भांडी घासायला लागले. पण मंडळाच्या गणपतीला येणारी कुठलीही गाडी बघा, पुरुष पुढे आणि बायका मागे पर्सा मांडीवर घेऊन. रेणूला त्याचं काही नव्हतं, गाडी सुरू झाली की तिला झोप लागायची. मी जागी. नायगारा, वॉशिंग्टन, व्हर्जिनियाची ती डोंगरातली लाल-पिवळी पानं, सगळं मी उजवीकडच्या खिडकीतून आणि तुमच्या कानाशेजारून पाहिलं. तुमच्या मानेवर डावीकडे एक तीळ आहे. तुम्हाला तरी माहीत आहे का?

बरं, तुम्ही कॅरीला गेलात. मग सासरे आले, ते पुढे. ते साहजिकच. मग निधी मोठी झाली, ती पुढे. मग निधी कॉलेजला गेली आणि गाडीत आम्ही दोघंच राहिलो. तेव्हाही मी मागे. तुम्हाला खोटं वाटेल. पण हा माणूस पुढच्या सीटवर तांदळाची पिशवी ठेवायचा आणि मला मागचं दार उघडून द्यायचा. म्हणायचा, तू बुटकी आहेस, पुढे एअरबॅग लागेल, मागे सेफ. देवळाच्या पार्किंगमध्ये एका बाईने मला विचारलं होतं, तुम्ही उबरने आलात का? मी हो म्हटलं.

आमची दुसरी गाडी मी चालवायची आणि तो शेजारी बसून घोरायचा, ते वेगळं. माझ्या शेजारी तो बसला. त्याच्या शेजारी मी कधी नाही. आणि त्या सीटवर तिघं मावतात हो भाऊजी! तुम्हीच लिहिलंय, सोफ्यासारखी.

माझा गाडीवर राग नाही, तुमच्यावरही फारसा नाही. मला एवढंच कळायला हवं होतं, की मी शेजारी नको होते का त्याला? भांडण झालं असतं तर विचारलं असतं. आमचं भांडण कधी झालंच नाही. आता उत्तर द्यायला तो नाही, आणि दारात ती गाडी उभी आहे. रोज सकाळी पडदा उघडला की आधी ती पुढची सीट दिसते. म्हणून देऊन टाकतेय.

रेणूला सांगा, तिने पाठवलेला मसाला पोचला.

शैला

———

कॅरी
१ मार्च २०२४

शैलावहिनी,

तुमचं पत्र रेणूने वाचलं. एरवी ती माझ्या चुका काढायला एका पायावर तयार. या वेळी तिने पत्र घडी घालून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "तू तरी एकदा म्हणालास का, वहिनी तुम्ही पुढे बसा?"

मी पुढे बसायचो ते नकाशासाठी. तेव्हा फोनमध्ये रस्ते नव्हते. तो मोठा ॲटलास मांडीवर पसरून एक्झिट कुठली ते सांगायला कोणीतरी लागायचं. रेणू झोपायची, तुम्ही नवीन होतात. एवढंच.

एवढंच म्हणून मी हे पत्र परवा पाकिटात घातलं होतं. ते परत काढलं. वहिनी, नकाशा होता हे खरं, पण तेवढंच नव्हतं. जे होतं ते माझं नाही, श्रीरामचं आहे. त्याने मला गळ्याची शपथ घातली होती आणि इतकी वर्षं मी ती पाळली. माणूस गेल्यावर शपथ सुटते की जास्त घट्ट होते, कोणाला विचारू?

तुम्ही नको होतात असं मुळीच नव्हतं. एवढं माझ्यावर विश्वास ठेवून धरून चाला. गाडीचा विषय मी सोडला. फक्त ती सोळा तारखेला उचलायला देऊ नका, अजून थोडं थांबा.

संजीव

———

ईमेल
१२ मार्च २०२४

संजीवकाका,

मराठीत टाइप करतेय, so चुका असतील, जज करू नका. आईने तुमची लेटर्स फ्रिजवर मॅग्नेटने लावली आहेत. ती तिथे फक्त डेंटिस्टची अपॉइंटमेंट लावते, so it's serious.

वीकेंडला मी फिलाडेल्फियाहून घरी गेले होते. आई किचनमध्ये नव्हती, कुठेच नव्हती. मग बघितलं तर ड्राइव्हवेमध्ये ब्युइकमध्ये बसलेली, मागे. बॅटरी कधीच डेड आहे, हीटर नाही, आणि ही शाल घेऊन बसलीय. मी म्हटलं, what are you doing? ती म्हणाली, काही नाही, बसलेय. जंकयार्डवाल्याला तिने फोन करून नंतर या म्हणून सांगितलंय.

काका, तिने मला विचारलं, संजीवभाऊजींना कसली शपथ होती? मी म्हटलं मला नाही माहीत. That was a lie. मला वाटतं ती शपथ मलापण होती.

मी बारा वर्षांची झाले तेव्हा बाबांनी मला पुढे बसवलं आणि म्हणाले, आपला एक गेम आहे. राइटला वळायचं किंवा लेन चेंज करायची असली की मी बघायचं आणि क्लिअर म्हणायचं. मी क्लिअर म्हटल्याशिवाय ते वळायचेच नाहीत. मला it was the coolest thing वाटायचं, मी को-पायलट. हायस्कूलमध्ये मी स्वतः ड्रायव्हिंग शिकले तेव्हा कळलं की हा गेम बाकी कोणाच्या घरी नाही. मी विचारलं. त्यांनी सांगितलं की त्यांना राइट डोळ्याने almost काही दिसत नाही. आणि म्हणाले, आईला नको सांगू, प्लीज. माझे बाबा मला प्लीज कधी म्हणत नसत.

तुम्ही पण क्लिअर म्हणायचात ना? मला वाटतं आता तिला सांगायला हवं. I can't do it in Marathi and she'll cry if I do it in English. तुम्ही लिहाल का?

निधी

———

कॅरी
१६ मार्च २०२४

शैलावहिनी,

निधीची ईमेल आली. तिनेही तेच ओझं इतकी वर्षं वागवलंय हे मला ठाऊक नव्हतं. आता सगळं सांगतो.

श्रीराम नऊ वर्षांचा असताना नागपूरला त्याच्या उजव्या डोळ्याला विटी लागली. डोळा दिसायला ठीक राहिला, पण नजर गेली. फार तर थोडा उजेड-अंधार, बाकी काही नाही. घरच्यांनी ही गोष्ट बाहेर जाऊ दिली नाही. लग्न जमवताना तर नाहीच. इथलं लायसन्स त्याने डाव्या डोळ्याच्या जोरावर रीतसर मिळवलं, त्यात काही लबाडी नव्हती. लबाडी फक्त तुमच्याशी होती.

मला कळलं ते गाडी घेतल्यानंतर पहिल्याच आठवड्यात. टर्नपाइकवर एक्झिट घ्यायला तो उजवीकडे सरकला आणि ट्रकवाल्याने असा भोंगा दिला की माझ्या हातातला चिवडा गाडीभर झाला. तो पुढच्या रेस्ट एरियात थांबला. तेव्हा सांगितलं. म्हणाला, संज्या, उजवी बाजू तू बघ. तेव्हापासून मी त्याची उजवी बाजू. तो इंडिकेटर द्यायचा, मी मान वळवून बघायचो आणि हळूच "ये" म्हणायचो. तुम्हाला मागे वाटत असेल आमच्या गप्पा चालल्या आहेत.

तुम्ही आलात तेव्हा मी म्हटलं होतं, वहिनींना सांगून टाक आणि त्यांना बसव पुढे. तो म्हणाला, "तिने हो म्हटलं ते धडधाकट माणसाला. तिच्यासमोर तरी मला तसा राहू दे." मी पुढे वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मला ती जागा आवडायची.

आणि वहिनी, तुम्ही विचारलंत ना, नको होतात का? नायगाराहून परत येताना तुम्ही दोघी मागे झोपला होतात. तेव्हा तो मला म्हणाला, "संज्या, एकदा शैलाला शेजारी बसवून लांब कुठेतरी जायचंय. फक्त आम्ही दोघं." हे तुमचं आहे, इतके दिवस माझ्याकडे पडून होतं. घ्या.

आता रागवा, काय हवं ते म्हणा.

संजीव

———

पिस्कॅटवे
१ एप्रिल २०२४

संजीवभाऊजी,

मला माहीत होतं.

तुम्ही, सासरे, निधी, सगळ्यांनी एवढ्या निष्ठेने सांभाळलेलं गुपित मला लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात कळलं होतं. चहाचा कप उजवीकडे ठेवला की तो हमखास सांडायचा. तिसऱ्या वेळी मी डावीकडे ठेवला आणि तेव्हापासून डावीकडेच ठेवत आले. रस्त्याने चालताना मी उजव्या हाताला आले की तो मागून वळसा घालून मला डावीकडे घ्यायचा. नवऱ्याच्या एका डोळ्याला दिसत नाही हे बायकोला कळायला शपथा सोडवाव्या लागत नाहीत.

मग बोलले का नाही? विचारलं असतं तर तो खोटं बोलला असता आणि मग त्याला माझ्यासमोर ते खोटं धरून जगावं लागलं असतं. मी ठरवलं, तो आपणहून सांगेल. पहिल्या दिवाळीला सांगेल, निधी झाल्यावर सांगेल, रिटायर झाल्यावर सांगेल. मी वाट पाहत राहिले आणि तो लपवत राहिला. दोघंही एकमेकांना जपत होतो. आता वाटतं, जरा कमी जपलं असतं तर बरं झालं असतं.

तुम्ही पुढे "ये" म्हणायचात ना, त्याच्या आधी मागच्या खिडकीतून मी बघितलेलं असायचं. तुमचं "ये" यायला उशीर झाला की माझा जीव वरखाली व्हायचा. आणि शेवटची वर्षं आम्ही दोघंच असायचो तेव्हा, स्टेल्टन रोडवर वळताना तो थांबून राहायचा, मान वळवून वळवून बघायचा. मी उजवीकडे बघून मोकळं असलं की मागून म्हणायची, "चल की आता!" आणि तो निघायचा. एकदा रेणू बरोबर होती, ती मला म्हणाली, किती कटकट करतेस ग त्याच्यामागे. तेव्हा डोळा हे कारण मला नवीन नाही. डोळ्याचं काम मी मागे बसूनही केलं. ते त्यालाही कळत असणार, असं मी धरून चालते.

नवीन आहे ते तुमचं शेवटचं वाक्य. "एकदा शैलाला शेजारी बसवून." ते वाचून मी पत्र हातात घेऊन तशीच उभी राहिले. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कळलं नाही, वरणाचं पिठलं झालं.

मग दुसऱ्या दिवशी शंका आली. नायगाराहून येताना मी झोपले नव्हते. मी त्या गाडीत कधीच झोपले नाही, झोपूच शकत नव्हते, का ते वर लिहिलंच आहे. त्याने हे म्हटलं असतं तर मला ऐकू आलं असतं.

भाऊजी, दुसऱ्या कुठल्या प्रवासात म्हणाला असेल आणि तुमची गल्लत होत असेल, तर तसं सांगा. आणि मला बरं वाटावं म्हणून लिहिलं असेल, तर तेही सांगा. त्याचं खोटं मी गोड मानून घेतलं, कारण ते त्याचं होतं. तुमचं नाही मानणार. तो खरंच असं म्हणाला होता का?

शैला

———

कॅरी
१० एप्रिल २०२४

शैलावहिनी,

नाही. ते वाक्य माझं आहे.

तुमचं पत्र खिशात घेऊन आठवडाभर फिरलो. काल पाडवा, तुमच्याकडे यंदा सण नाही म्हणून आम्हीही गुढी उभारली नाही. रेणू म्हणाली, एकदा तरी जे घडलं तेवढंच लिही, त्यात आपली साखर घालू नकोस. म्हणून जे घडलं तेवढंच लिहितो.

तो खरं जे म्हणाला होता, ते मला सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. मी ती चेष्टा समजत होतो. तुम्हाला काहीतरी चांगलं द्यावं म्हणून मी एक वाक्य घरी बनवलं. तुम्हाला आवडेल असं वाटलं ते.

झालं होतं ते असं. वॉशिंग्टनच्या प्रवासात डेलावेअरच्या रेस्ट एरियात तुम्ही दोघी कॉफी आणायला गेला होतात. मी त्याला म्हटलं, अरे, वहिनींना पुढे बसव ना एकदा. मी मागे उजवीकडे बसतो, तिथूनही "ये" म्हणता येतं मला. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. म्हणाला, "ती उजवीकडे बसली तर मला दिसणार नाही रे. मागे असली की आरशात दिसते."

मी मोठ्याने हसलो. म्हटलं, गाढवा, तो आरसा मागच्या ट्रकसाठी असतो, बायकोसाठी नाही. आणि हात लांब करून आरसा सरळ केला. तुम्ही दोघी आलात, गाडी निघाली आणि हायवेला लागायच्या आत त्याने तो परत फिरवला. वहिनी, आमचं दर प्रवासात यावरून वाजायचं. मी म्हणायचो, मागचं काही दिसत नाही तुला. तो म्हणायचा, मागचं तू बघ. मागे बसून तुम्हाला वाटायचं की आम्ही रस्त्यावरून भांडतोय. रस्त्यावरून आम्ही कधीच भांडलो नाही.

त्याच्या शेजारची जागा माझी होती म्हणून इतकी वर्षं मी खूश होतो. माझ्याकडे त्याला बघायचं नव्हतं, म्हणून मला ती मिळाली होती. हे मला काल रात्रीचं जेवण झाल्यावर, भांडी पुसताना कळलं.

यात एक अक्षर माझं नाही. असं वाक्य मला सुचलं असतं तर पहिल्यांदा लिहिलं तेव्हाच लिहिलं असतं.

संजीव

———

पिस्कॅटवे
१८ एप्रिल २०२४

संजीवभाऊजी,

तुमचं पत्र दुपारी आलं. चपला न घालताच बाहेर गेले.

ऑक्टोबरात त्याने गाडी शेवटची दारात लावली, त्यानंतर पुढे कोणी बसलेलं नाही. मी मागे माझ्या जागेवर बसले आणि मान वर करून आरशात बघितलं. मागची काच दिसत नाही, रस्ता दिसत नाही. त्याच्या सीटची डोकं टेकायची जागा दिसते. तो बसलेला असता तर बरोबर त्याचा डावा डोळा दिसला असता.

इतकी वर्षं मी तिथे बसून उजवीकडच्या खिडकीबाहेर बघत राहिले, भाऊजी. त्याला ट्रक लागू नये म्हणून. एकदाही वर बघितलं नाही.

तुम्ही आणि रेणू मे महिन्यात या, चार दिवस राहा. निधीलाही बोलावते. गाडी मात्र तुम्हाला मिळणार नाही, आणि जंकयार्डवाल्यालाही मी कायमचं नाही म्हणून सांगितलंय. जो कोणी ती चालवायला बसेल, तो आधी आरसा सरळ करेल.

शैला